शेवटच्या भागात आम्हालाही घ्या

प्रति,
मराठी मालिका आणि वेबमालिका लिहिणारे कथाकार, पटकथाकार, संवादलेखक,
आणि वाहिन्यांमध्ये बसून त्यांच्या कथा पास किंवा नापास करणारी मंडळी,
गोरेगाव, अंधेरी, मढ, ठाणे आणि जिथे जिथे सध्या सेट लागला असेल तिथे.

विषय : मालिका संपवताना समलिंगी पात्रांचं काय करता, त्याबद्दल.

सप्रेम नमस्कार.

मालिका बंद होते तेव्हा काय धावपळ उडते, ते तुम्हाला मी सांगायला नको. वाहिनीचा निरोप येतो आणि जी गोष्ट दोन-तीन वर्षं ताणून वाढवली, ती पंधरा-वीस दिवसांत आवरायची असते. कारस्थानी जाऊ एका रात्रीत पाया पडते. इस्टेटीचे कागद देव्हाऱ्यामागे सापडतात. कोमातला थोरला डोळे उघडतो. एकीचं डोहाळजेवण, दुसरीच्या बाळाचं बारसं, आणि रविवारच्या महाएपिसोडमध्ये सत्यनारायणाच्या चौरंगाभोवती अख्खं घर एका फ्रेममध्ये. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.

हे मी खवचटपणाने म्हणत नाही. मला शेवटचे भाग मनापासून आवडतात. आईबरोबर रात्रीचं जेवण उरकून मालिका बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे आणि ते वाया गेलं असं मला वाटत नाही. पण त्या शेवटच्या फ्रेममध्ये कोण कोण आहे, हे बघायची मला खोड लागली आहे. तिथे स्वयंपाकाच्या मावशी असतात, शेजारच्या काकू असतात, मधल्या काळात तुरुंगात जाऊन आलेला मेहुणाही असतो. समलिंगी माणूस नसतो. मुळात तो मालिकेत येतोच क्वचित. आलाच तर 'वेगळा विषय' म्हणून त्याचा प्रोमो होतो, एक आई रडते, एक वडील कानाखाली मारतात, नायिका एक समजूतदार भाषण करते, आणि मग त्याला परदेशात नोकरी लागते. तो विमानतळाकडे निघतो आणि त्याचा ट्रॅक संपतो. पुढे दिवाळी येते, गणपती येतात, मालिकेतल्या घरात फोनची रिंग वाजत राहते, पण त्याचा फोन काही येत नाही.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. तुमच्या मालिकेत समलिंगी पात्र असेल तर शेवटच्या भागात ते असू द्या. जिवंत, घरात, आणि त्याच्या माणसासह.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील की आम्ही कुठे कुणाला मारलं? खरं आहे. मारण्यात तिकडची मंडळी आपल्या पुष्कळ पुढे आहेत. अमेरिकेत १९८१ साली सुरू झालेल्या 'डायनॅस्टी' या मालिकेत स्टीव्हन कॅरिंग्टन हा श्रीमंत घरातला समलिंगी मुलगा होता. त्या काळात प्राइम टाइमला असं मुख्य पात्र असणं ही मोठी गोष्ट होती. पण त्याच्या वाट्याला काय आलं बघा. पहिला प्रियकर त्याच्या वडिलांशी झालेल्या झटापटीत मेला. दुसरा, ल्यूक, मे १९८५ मधल्या त्या गाजलेल्या भागातल्या हल्ल्याने मेला, ज्यात एका राजघराण्यातल्या लग्नात दहशतवादी घुसून गोळीबार करतात. त्या गोळीबारात घरातली सगळी बडी पात्रं वाचली. वऱ्हाड एवढं मोठं, गोळ्या एवढ्या, पण ल्यूकला मात्र बरोबर लागली.

पुढे २००२ साली 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' मध्ये टारा मेली. तिचं आणि तिच्या प्रेयसीचं, विलोचं, भांडण मिटलं, दोघी पुन्हा एकत्र आल्या, आणि पुढच्याच भागात भलत्याच माणसावर झाडलेली गोळी खिडकीतून येऊन टाराला लागली. चौदा वर्षांनी, मार्च २०१६ मध्ये, 'द हंड्रेड' या मालिकेत लेक्सा मेली. तिचं आणि क्लार्कचं प्रेम त्याच भागात जुळलं होतं. गोळी क्लार्कसाठी होती, लागली लेक्साला. लेखकांनो, तुम्ही कारागीर आहात, तेव्हा हा योगायोग तुमच्या नजरेतून सुटणार नाही. मीलन, लगेच भरकटलेली गोळी, आणि जी उरली तिच्या दुःखावर पुढचे भाग. दोन वेगळ्या मालिका, दोन वेगळे लेखकवर्ग, आणि साचा तोच. लेक्साचं काम करणारी नटी दुसऱ्या मालिकेत अडकली होती, हेही कारण होतं. तारखा जुळेनात म्हणून पात्र संपवणं म्हणजे काय, ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! पण तारखा नाहीत म्हणून पात्र मामाच्या गावालाही पाठवता येतं. या एका प्रकारच्या पात्राला तारखा नसल्या की गोळीच का आठवते, हा प्रश्न तिथल्या प्रेक्षकांनी विचारला. नुसता विचारला नाही, त्यांनी होर्डिंग लावली, समलिंगी मुलांच्या आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी पैसे गोळा केले, आणि मालिकेच्या कर्त्याला जाहीर माफीपत्र लिहावं लागलं.

एवढं होऊनही १० एप्रिल २०२२ ला 'किलिंग ईव्ह'चा शेवटचा भाग आला. चार सीझन प्रेक्षकांना झुलवत ठेवल्यावर ईव्ह आणि व्हिलानेल शेवटच्या भागात एकदाच्या एकमेकींच्या होतात. त्यानंतर थोड्याच वेळात व्हिलानेल गोळ्या खाऊन टेम्स नदीत. व्हिलानेल खुनी होती, तिचा शेवट चांगला व्हायला हवा असा आग्रह कुणी धरणार नाही. पण ज्याच्या कादंबऱ्यांवरून मालिका झाली, त्या ल्यूक जेनिंग्जनेच या शेवटावर जाहीर नाराजी व्यक्त केली. त्याच्या पुस्तकांत दोघी जिवंत राहतात.

मला मात्र या सगळ्यांपेक्षा 'सुपरनॅचरल'चं उदाहरण आपल्या जास्त जवळचं वाटतं. पंधरा सीझन चाललेली मालिका, म्हणजे आपल्याकडच्या लांबलचक मालिकांच्याच गोत्रातली. कॅस्टिएल हा देवदूत नायक डीनला बारा वर्षं साथ देतो. नोव्हेंबर २०२० मध्ये, मालिका संपायला दोन भाग उरलेले असताना, तो डीनला सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे. वाक्य संपतं न संपतं तोच एक काळी शक्ती त्याला ओढून नेते. शेवटच्या भागात तो दिसत नाही, नुसता त्याचा उल्लेख येतो. डीनने त्याला काय उत्तर दिलं असतं, हे कधीच कळत नाही. प्रेम बोलून दाखवलं, पुरोगामीपणाची नोंद झाली, आणि ते प्रेम घेऊन जगायची जबाबदारी कुणावरच आली नाही. आपल्या मालिकांमधलं परदेशचं विमान आणि ही काळी शक्ती यांत मला फारसा फरक दिसत नाही. विमानात रक्त सांडत नाही, एवढंच.

माझं म्हणणं असं आहे की प्रश्न मरणाचा नाहीच. नायक मरतात, आया मरतात, आपल्याकडे तर गोष्टीने काही वर्षांची लीप घेतली की पिढीच्या पिढी फोटोफ्रेममध्ये जाते. २००५ साली संपलेल्या 'सिक्स फीट अंडर'च्या शेवटच्या काही मिनिटांत तर मालिकेतलं प्रत्येक मुख्य पात्र मरताना दाखवलं आहे. अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या घराची ती गोष्ट. घरातला मधला मुलगा डेव्हिड समलिंगी. त्याचा जोडीदार कीथ २०२९ साली कामावर असताना गोळ्या लागून मरतो. डेव्हिड २०४४ साली म्हातारा होऊन, सहलीला गेला असताना जातो आणि जाताना त्याला समोर तरुणपणीचा कीथ दिसतो. दोघेही मेले. पण हा शेवट बघून मला अन्याय झाल्यासारखं वाटलं नाही, कारण त्या दोघांना इतरांसारखंच मरण मिळालं आणि त्याआधी इतरांसारखंच आयुष्य मिळालं. त्यांनी मुलं वाढवली. भांडले. एक आधी गेला, दुसरा मागे राहून म्हातारा झाला. आमच्या पात्रांना आपण जे देत नाही ते हेच, म्हातारपण.

मराठीत समलिंगी म्हातारा मी मालिकेत आजवर पाहिलेला नाही. आज्या आपल्याकडे रग्गड आहेत. खाष्ट आजी, मॉडर्न आजी, व्हॉट्सअ‍ॅपवाली आजी, सुनेच्या बाजूने उभी राहणारी आजी. निवृत्त आजोबांचे कट्टे आहेत. त्या कट्ट्यावर एकही आजोबा असा नाही, जो संध्याकाळी घरी जातो तेव्हा दार दुसरा एक आजोबा उघडतो. मुंबईत अशी माणसं नाहीत म्हणता? १९९० साली याच शहरातून अशोक राव कवींनी 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींसाठीचं नियतकालिक काढलं. तेव्हा ते चोरून वाचणारी विशीतली पोरं आज पन्नाशीच्या पुढे आहेत. त्यांना मधुमेह आहे, गुडघे आहेत, सोसायटीच्या पुनर्विकासाच्या मीटिंगा आहेत. शिवाजी पार्कला सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांत ती आहेत. मालिका लिहायला यापेक्षा जास्त काय लागतं?

वास्तवाचा मुद्दा तुम्ही काढणार, म्हणून त्याबद्दलही बोलतो. वास्तवात शोकांतिका आहेत, नाहीत असं कोण म्हणतं! रामचंद्र सिरस हे मराठीचे प्राध्यापक, आपल्या भाषेतले कवी. अलीगढच्या विद्यापीठाने त्यांना ते समलिंगी आहेत म्हणून निलंबित केलं. एप्रिल २०१० मध्ये उच्च न्यायालयात निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि नंतर काही दिवसांतच ते घरात मृतावस्थेत सापडले. त्यांच्यावरच्या सिनेमात हा मृत्यू यायलाच हवा होता, आला. 'पोझ' या मालिकेच्या २०२१ मधल्या शेवटच्या भागात प्रे टेल एड्सने मरतो. १९९०च्या दशकातल्या न्यूयॉर्कमधल्या समलिंगी आणि ट्रान्स माणसांची गोष्ट मरण वगळून सांगणं हा खोटेपणा झाला असता. शिवाय त्याच्या मागे त्याच्यासाठी रडणारं, त्याचं नाव घेणारं, जेवायला एकत्र बसणारं घर उरतं. मरणाला कारण असेल आणि मेलेल्याचं सुतक पाळणारं कुणी असेल, तर माझी तक्रार नाही. उलट एक विनंती आहे. मराठी मालिकेत मरणानंतरचे तेरा दिवस जितक्या बारकाईने दाखवतात, तितके जगात कुठे दाखवत नसतील. कधीतरी त्या तेरा दिवसांत कोपऱ्यात बसलेला जोडीदार दाखवा. त्याला पाणी कोण देतं, त्याच्याकडे भेटायला कोण येतं, खोलीची किल्ली त्याच्याकडे राहते की पुतण्या येऊन मागतो. हे सगळं या शहरात घडतं आणि त्यात तुम्हाला सहा आठवड्यांचा मजकूर सहज मिळेल.

आपल्याकडचा इतिहास काही कोरा नाही. तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगमंचावर आणली. रोहिणी हट्टंगडींनी त्यातली नायिका, सुमित्रा, केली होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी मराठी नाटकात एक मुलगी ठणकावून सांगते की मला मुलगी आवडते! नाटकाच्या शेवटी ती आत्महत्या करते. त्या काळात तो शेवट म्हणजे प्रेक्षकांच्या तोंडावर फेकलेला आरोप होता आणि मी तो तसाच घेतो. तेंडुलकर कुणालाच सुखाने नांदवत नसत, हेही खरं. पुढे चेतन दातारांच्या 'एक माधवबाग'मध्ये आईच्या हाती मुलाची डायरी पडते आणि रंगमंचावर आई उरते, विचार करणारी, बदलणारी. सुमित्रेपासून त्या आईपर्यंत मराठी रंगभूमी चालत गेली. टीव्ही मात्र विमानतळावरच थांबला आहे.

आणि जिवंत राहिलेल्या दोघींचा शेवट दाखवला की काय होतं, हेही मुंबईने पाहिलं आहे. डिसेंबर १९९८ मध्ये 'फायर' लागला होता तेव्हा गोरेगावच्या चित्रपटगृहात शिवसैनिकांनी तोडफोड केली. तुमच्या चित्रनगरीपासून ते ठिकाण फार लांब नाही. त्या सिनेमात दोघी जणी मरत नाहीत, वेड्या होत नाहीत, नवऱ्याकडे परतत नाहीत. घर सोडतात आणि एकमेकींना भेटतात. त्या मेल्या असत्या तर काचा फुटल्या असत्या का, असं मला नेहमी वाटतं. म्हणजे शेवटाला किती किंमत असते, हे तोडफोड करणाऱ्यांनाही कळलं होतं.

तेव्हापासून पुष्कळ पाणी वाहून गेलं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा आमच्यावरचा डाग पुसला. जानेवारी २०२५ मध्ये रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं' या मराठी सिनेमाला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागाचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. वडिलांच्या दहा दिवसांसाठी मुंबईहून गावी गेलेला मुलगा आणि तिथला त्याचा मित्र, एवढीच गोष्ट. त्यात मृत्यू आहे, पण तो आधीच होऊन गेलेला आहे आणि प्रेमाची शिक्षा म्हणून आलेला नाही. शेवट सांगत नाही, पाहिला नसेल तर बघा.

आता तुमची खरी अडचण. ती टीआरपीची आहे असं तुम्ही सांगाल. मी म्हणतो, निदान शेवटच्या भागापुरती ती अडचण नाही. दर गुरुवारी आकडे येतात आणि त्यावर पुढच्या आठवड्यात कुणाचा ट्रॅक वाढणार, कुणाचा कापला जाणार हे ठरतं, हे आता आम्हा प्रेक्षकांनाही ठाऊक आहे. पण शेवटच्या भागाला पुढचा गुरुवार नसतो. ज्यांना राग यायचा त्यांनी बघायचं सोडलं, तर सोडणार काय? मालिका संपली! सबंध मालिकेत तुम्ही वाहिनीला, प्रायोजकाला, फेसबुकवरच्या काकांना घाबरून जे लिहिलं नाहीत, ते लिहायची ही एकमेव बिनधोक जागा. आणि नेमकी तिथेच तुमची लेखणी सर्वांत सोवळी होते.

शिवाय प्रेक्षक पळतातच असं कुठे आहे? एप्रिल २०२० मध्ये 'शिट्स क्रीक' ही कॅनडाची विनोदी मालिका दोन पुरुषांच्या लग्नाने संपली. पाऊस पडून मांडव फिसकटतो, आई धर्मगुरूसारखा अचाट पोशाख करून लग्न लावते, सगळं गाव हजर. कुणी कुणाला समजावून सांगत बसत नाही. त्याच वर्षी एमी पुरस्कारांत विनोदी मालिकांची सातही मोठी पारितोषिकं त्या मालिकेने नेली. (सुखान्त म्हणजे बाळबोध, असं मानणाऱ्या लेखकमित्रांनी हे कुठेतरी टिपून ठेवावं.) आपल्याच मुंबईत घडणाऱ्या 'फोर मोअर शॉट्स प्लीज'चा दुसरा सीझनही २०२० मध्ये दोन बायकांच्या लग्नापाशी येऊन थांबला होता. त्यातली एक, उमंग, भर मांडवातून मागे फिरते. तिला जड झालं ते बाईशी लग्न करणं नव्हे, सिनेनटी असलेल्या जोडीदाराची सावली होऊन राहणं, म्हणून मला तो शेवट पटला. तिला निर्णय घेता आला, हेच महत्त्वाचं. सुखी ठेवा असं मी म्हणतच नाही. मुखत्यारी द्या.

तुमची दुसरी अडचण मात्र मला मान्य आहे आणि ती कारागिरीची आहे. मराठी मालिकेच्या शेवटाचं व्याकरण लग्नावर उभं आहे. लग्न, डोहाळजेवण, बारसं, मग सगळ्यांचा फोटो. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. तेव्हा तुमच्या हातातलं हमखास हत्यारच गेलं. मांडव घालता येतो, अंतरपाट धरता येतो, पण नोंदणी कुठे करणार? मग तुम्ही म्हणता, यांचा शेवट करायचा तरी कसा, पाठवा कॅनडाला.

आमच्या नात्यातल्या लग्नांना माझ्या जोडीदाराला अगदी मानाने बोलावतात. पंगतीत आग्रह होतो, आहेर होतो, मावशी त्याच्या आवडीची जिलबी बाजूला काढून ठेवते. आणि घरच्यांच्या फोटोची वेळ आली की कुणीतरी त्याच्या हातात मोबाइल देतं. "तू काढ रे, तुझा हात स्थिर आहे." कुणाच्या मनात काही वाईट नसतं, हे मी शपथेवर सांगेन. पण त्यामुळे आमच्या घराण्याचे गेल्या कित्येक वर्षांतले सगळे ग्रुप फोटो त्याने काढलेले आहेत आणि तो त्यातल्या एकातही नाही. तुमच्या शेवटच्या भागांबद्दल मला नेमकं हेच वाटतं. तुम्ही वाईट माणसं नाही. फक्त फोटोच्या वेळी आम्हाला कुठे उभं करायचं, हे तुम्हाला सुचत नाही.

तर एक जागा सुचवतो. २०२४ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवलं की समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरातलं धरावं. संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही, हेही त्याच सुमारास स्पष्ट केलं. वर्तमानपत्रात ती बातमी आतल्या पानावर आली आणि गेली. लग्नाचा हक्क मागणाऱ्यांना रेशनकार्ड मिळालं म्हणून आमच्यातले काही जण चिडले, मीही चिडलो. पण मालिकेचा प्रेक्षक म्हणून माझे कान टवकारले. कारण रेशनकार्डावर 'कुटुंबप्रमुखाशी नाते' असा एक रकाना असतो. आणि २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे कुटुंबप्रमुख असते घरातली थोरली बाई.

म्हणजे बघा काय होतं. दोन पुरुष रेशन ऑफिसात गेले आहेत. त्यांचं एकमेकांशी नातं काय, हे तो कागद विचारतच नाही. तो विचारतो, या दुसऱ्या माणसाचं या घरातल्या आईशी नातं काय. आई शेजारी बाकावर बसली आहे, मांडीवर पिशवी, पिशवीत जुनं कार्ड. खिडकीतली बाई पेन थांबवून म्हणते, "आजी, हे तुमचे कोण?" पंचवीस वर्षं त्या माणसाने आईची औषधं आणली आहेत, तिला दातांच्या डॉक्टरकडे नेलं आहे, तिच्या हातचं आंबट वरण चाखून छान म्हटलं आहे. तिने त्याला कायम नावाने हाक मारली आणि बाहेर ओळख करून देताना 'याचा मित्र' म्हटलं. मागे रांग आहे. रांगेत सोसायटीतल्या काकू आहेत. आता आईने बोलायचं आहे.

यात भाषण नाही, कानाखाली नाही, विमानतळ नाही. नायिकेला मधे घुसून समजूतदारपणा करायला जागा नाही. कोर्टाचा सेट लागत नाही, खर्च एका खिडकीचा. पंधरा वर्षं मालिका बघितलेल्या कुठल्याही बाईला त्या बाकावरची आई ओळखीची वाटेल, कारण ती आई मालिकेतलीच आहे, तुम्हीच ती वर्षानुवर्षं घडवली आहे. तिला इतकी वर्षं तुम्ही सुनेचा छळ करायला, मग पश्चात्ताप करायला, मग सुनेचं कौतुक करायला लावलंत. हे एक वाक्य तिला अवघड जाईल असं मला वाटत नाही.

ती काय म्हणेल, ते मी इथे लिहिणार नाही. मुलगा म्हणेल, जावई म्हणेल, की खिडकीतल्या बाईलाच चार शब्द सुनावेल, ते तुमच्या पात्रावर अवलंबून. त्यानंतर पाहिजे तर सत्यनारायण घाला. माझी हरकत नाही, शिरा मला आवडतो.

आमच्या घरचं कार्ड आईच्याच नावावर आहे आणि त्यात अजून दोनच नावं आहेत. अर्ज भरून कपाटात ठेवला आहे. तुमच्यापैकी कुणी हे दृश्य लिहायला घेतलंत तर अर्जाचा नमुना, जुन्या कार्डाची झेरॉक्स, कुठला कागद कितव्या खिडकीवर लागतो त्याची माहिती, सगळं आनंदाने देईन. संवाद मात्र तुम्हीच लिहा आणि लवकर लिहा. आमच्या आईला माझ्यापेक्षा तुमचं जास्त पटतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
रात्रीच्या मालिकांचा एक जुना प्रेक्षक
दादर, मुंबई